पोपटी जॅकेटातला फोटो

आईचा फोन वाजला की मिरान आधी शिलाई मशीन थांबवायची, सुई उशीत टोचायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि मगच फोन कानाला लावायची. एकदा तिनं मशीन न थांबवताच उचलला होता, तर गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून बसली.

"मिरान, तिकिटं! दोन वाजता विक्री सुटणार. बसलीस का?"

"आई, दुकानात गिऱ्हाईक आहे गं."

"गिऱ्हाईक उद्या पण येईल. तेयुल उद्या येणार आहे का?"

तेयुल म्हणजे बेक तेयुल. तिशीच्या आतला पोरगा, गालाला खळी, केस असे बसवलेले की वादळ आलं तरी हलायचे नाहीत. जुन्या ठेक्याची, गळ्यात हुंदका घेऊन म्हणायची ती कोरियन त्रोतची गाणी गातो. टीव्हीवरच्या स्पर्धेत दुसरा आला आणि तेव्हापासून देशभरातल्या सत्तरीपुढच्या बायका त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायला लागल्या. पहिला कोण आला, हे आईसमोर विचारायची सोय नव्हती. "चोरलं मेल्यानं," एवढंच ती म्हणायची.

मिरान कॉम्प्युटरसमोर बसली. दुकानात उभी असलेली बाई झिप बदलायला आली होती, तीही खुर्ची ओढून शेजारी बसली, कारण तिच्या आईलाही हवंच होतं. दोन वाजले. पडद्यावर आलं, तुमच्यापुढे रांगेत लाखभर माणसं आहेत. ही सगळी लाखभर माणसं म्हणजे मिरानसारख्याच लेकी-सुना, आपापल्या म्हाताऱ्यांच्या धाकानं कामधंदा सोडून बसलेल्या. रांग अर्धी सरकेपर्यंत तिकिटं संपली.

"मिळालं?" आईनं विचारलं.

"नाही."

मग आई म्हणाली, "शेजारच्या युनच्या मुलीला मिळालं. चार मिळाली. असते एखादीची मुलगी तशी."

मिराननं फोन ठेवला आणि झिपवाल्या बाईकडे पाहिलं. तिचाही फोन वाजत होता, आणि ती तो उचलत नव्हती.

आईला, म्हणजे मा पिलसूनला, ही गाण्याची बाधा जडली तेव्हा तिला पंचाहत्तरावं लागलं होतं. त्याआधी ती गाण्याच्या वाटेला कधी गेली नव्हती. जॉन्जू शहराच्या दक्षिण बाजारात ती सोयाबीनचे कोंब विकायची. लग्न होऊन आली ती थेट कोंबांच्या मडक्यांपाशी. कोंब अंधारात वाढवायचे असतात, वरून काळं फडकं टाकून, आणि त्यांना रात्रंदिवस थोड्या थोड्या वेळानं पाणी घालावं लागतं. एक पाणी चुकलं की मुळांना केस फुटतात, आणि मग सूपवाले हॉटेलवाले तोंडावर परत करतात. त्यामुळे सलग झोपायची सवड तिला नवरा वारल्यावर आणि मडकी विकल्यावरच मिळाली. आणि तेव्हा झोप लागेना. म्हणून ती टीव्ही लावून बसायला लागली. तिथं तेयुल भेटला.

मग काय विचारता. सकाळी उठली की आधी त्याला मत द्यायचं, कुठल्या तरी यादीत त्याचा नंबर खाली जाऊ नये म्हणून. मग त्याचं नवं गाणं फोनवर लावायचं आणि दिवसभर चालू ठेवायचं. एक फोन पुरेना, म्हणून मिरानचा जुना फोन नेला, नातीचा काच तडकलेला नेला. तीन फोन उशीखाली तीन गाणी म्हणत पडलेले असायचे. आवाज पुरता बंद करायचा नाही, केला तर ते वाजलेलं धरत नाहीत, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"आई, अगं तू ऐकत तरी आहेस का?"

"मी कशाला ऐकू? मला पाठ आहे. ते वाजायला हवं."

आता ह्याच्यावर माणसानं काय बोलायचं! मिराननं हात टेकले होते. पण खरा वैताग पुढेच होता. तेयुलच्या चाहत्यांच्या मंडळाचं नाव चांदणं, आणि ह्या चांदण्याचा रंग पोपटी. साधा हिरवा नाही. पोपटी. अंगावर घातला की लांबून बस थांबावी असा. सगळ्या बायकांनी तसली जॅकेटं मागवली, छातीवर मोठ्या अक्षरांत तेयुलचं नाव. जॅकेटं आली ती पंचविशीच्या पोरींच्या मापाची, लांब बाह्यांची. आणि आईनं छातीठोकपणे सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्या लेकीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, आणा इकडे.

एका सकाळी आई भलं मोठं गाठोडं घेऊन दुकानात आली आणि तिनं ते मशीनवर आदळलं. प्रत्येक जॅकेटाला चिठ्ठी टाचलेली, आणि चिठ्ठीवर नाव काय, तर मासळीताई, डाळिंबताई, टेकडीखालची. मंडळात खरी नावं कोणी वापरत नाही.

"ही माणसांची नावं आहेत?"

"मग काय? मी कोंबताई."

"आणि पैसे कोण देणार?"

"मैत्रिणींकडून पैसे घेतात का गं? लाज आहे की नाही?"

मिराननं त्या आठवड्यात गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून पोपटी बाह्या आखूड केल्या. रात्री डोळे मिटले तरी पोपटीच दिसायचं. डाळिंबताईच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आणखी आखूड, लहानपणी हात मोडून तसाच बसला. मिराननं चरफडत तीही केली. आणि नीट केली, कारण वाईट काम तिच्या हातून होत नसे, कितीही राग असला तरी.

फोटोचं निघालं ते किमचीच्या दिवशी. वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायला मिरान आईकडे गेली होती. दोघी कोबीला मसाला चोळत होत्या, हात कोपरापर्यंत लाल. आई एकदम म्हणाली, "मी दीर्घायुष्याचा फोटो काढून घेते म्हणते."

म्हातारी माणसं तो हयातीतच काढून ठेवतात. नाव दीर्घायुष्याचं, काम मेल्यावरचं. अंत्यविधीला फुलांच्या मधोमध तोच ठेवतात आणि आला-गेला त्याच्याकडे बघून वाकतो. मिराननं मान वर न करता मसाला चोळणं चालू ठेवलं.

"काढ की. यांग काकांकडे काढू. तुझा तो सणासमारंभाचा मोतिया हानबोक धुऊन इस्त्री करून ठेवते."

"हानबोक नको. मी जॅकेट घालणार."

"कुठलं जॅकेट?"

आईनं नुसतं बघितलं.

"आई! अगं लोक नमस्काराला येतील! दादाच्या ऑफिसातली येतील! आणि समोर तू पोपटी जॅकेटात, छातीवर त्या पोराचं नाव!"

"मग? माझं काय चुकलं?"

"काही तरीच काय! असं कोणी करतं का?"

आईनं कोबीचं पान उचललं, मसाला भरला, घडी घातली. मग म्हणाली, "हानबोक मी किती वेळा घातला? माझ्या लग्नात घातला, तेव्हा रडत होते. तुझ्या बाबांच्या साठीला घातला, तेव्हा स्वयंपाकघरातच होते. तुमच्या लग्नांत घातला, तेव्हा पाय दुखत होते. ती बाई कोण आहे मला माहीत नाही. जॅकेट घातलं की मी हसते. मला हसरी ठेवा."

मिरान म्हणाली, "बरं, बघू." तिच्या तोंडी 'बघू' म्हणजे नाही, हे आईला पन्नास वर्षांपासून माहीत होतं.

भाऊ क्यूहो राजधानीत, सोल शहरात. मोठ्या कंपनीत बऱ्यापैकी मोठ्या खुर्चीत. मिराननं फोन केला तर तो आधी हसला, मग ती खरंच बोलते आहे हे कळल्यावर हसायचा थांबला.

"मिरान, थोरला मी आहे. फोटोच्या शेजारी अंत्यविधीचे तीनही दिवस मी उभा राहणार. माझे साहेब येऊन वाकणार, ते काय त्या गाणाऱ्या पोराच्या नावापुढे वाकणार का? तू तिथं आहेस ना? मग एवढं पण सांभाळता येत नाही तुला?"

हे 'तू तिथं आहेस ना' ऐकलं की मिरानच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिथं आहेस ना, डॉक्टरकडे ने. तिथं आहेस ना, नळ बघ. तो वर्षातून दोन सणांना यायचा, फळांची पेटी ठेवायचा, आणि आई त्या पेटीचा फोटो काढून मंडळात सगळ्यांना पाठवायची. मिराननं वर्षभर केलेल्या कामांचा फोटो कोण काढणार?

यांग काकांचा स्टुडिओ मिरानच्या दुकानासमोरच, गल्लीपलीकडे. कोपऱ्यावर पोरापोरींची ती पैसे टाकून चार फोटो काढायची यंत्रं आल्यापासून त्यांच्याकडे फक्त पासपोर्टवाले आणि म्हातारे येत. त्यांच्याशी मिराननं आधीच बोलून ठेवलं.

"जॅकेटात काढायचा असेल तर काढू दे," काका म्हणाले. "हानबोक मी कॉम्प्युटरवर चढवतो. डोकं तेवढं खरं लागतं. अर्ध्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मीच हानबोक घातलाय, एकानंही आयुष्यात विकत घेतला नव्हता."

"कळणार नाही ना?"

"तिच्या मोतिया हानबोकाचा जुना फोटो दे. शिवण बघायला तूच जवळ जाशील, दुसरं कोणी नाही."

मिरानच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आईला तिचा पोपटी मिळेल, दादाला त्याचा हानबोक. सगळे खूश. असं आधी का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली.

फोटोच्या दिवशी आई केस कुरळे करून आली. जॅकेट, गळ्यात पोपटी रुमाल, हातात कार्यक्रमात हलवायची ती दिव्याची काठी. काठी तरी ठेव म्हणून मिरानचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी काठी खाली गेली. आई स्टुलावर बसली आणि काकांनी म्हटलं, "हं, पिलसूनताई, हसा बघू." आईनं ओठ घट्ट मिटले, जसे ती जन्मभर प्रत्येक फोटोत मिटत आली होती.

"आई, हसायचंय म्हणून तर एवढा गोंधळ घातलास ना! मग हस की! नाही तर हानबोक घाल, तो आणलाय मी पिशवीत, बघ."

आईनं मिरानकडे असं काही बघितलं की बस. कॅमेरा खटकन वाजला.

"तू बाहेर जा," आई म्हणाली. "तू असलीस की मला हसू येत नाही."

मिरान ताडकन उठली आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली. आतून काकांनी तेयुलचं गाणं लावल्याचं ऐकू आलं. मग आई काहीतरी म्हणाली, काका मोठ्यानं हसले, आणि मग आईचा आवाज आला, गाणं म्हणणारा, बेसूर, खणखणीत. मिरानला तिच्या दुकानातली रखडलेली कामं आठवली, आणि ती गल्ली ओलांडून निघून गेली.

दोन दिवसांनी काकांनी कॉम्प्युटरवर तिला हानबोकवाला दाखवला. काम चोख होतं, मोतिया कापड, बांधलेली गाठ बरोबर. चेहरा मात्र त्यांनी पहिल्या फोटोतला घेतला होता, ओठ मिटलेला.

"हसऱ्याला हानबोक बसेना," काका म्हणाले. "म्हणजे बसतो, पण दोघं दोन दिशेला जातात. हा बघ, भारदस्त दिसतो."

"हाच द्या. दादाला आवडेल."

"आणि तो दुसरा? बघून तरी घे. चांगला आलाय गं."

"तोही छापा. आईला दिसू दे छापलेला. मला आत्ता वेळ नाही काका, पडदे द्यायचेत आज."

काकांनी दोन्ही मोठे करून, चौकटीत घालून, तपकिरी कागदात गुंडाळून पाठवले. मिराननं हानबोकवाला कपाटात ठेवला आणि दुसरा मशीनमागे भिंतीला टेकवून ठेवला. आईनं काकांच्या स्टुडिओतच आपल्या पोपटी फोटोचा फोनवरून फोटो काढून घेतला होता, तो मंडळात सगळ्यांना पाठवला. त्यांना लिहिलं, आता मी निर्धास्त. मग दुकानात येऊन फोन मिरानच्या नाकासमोर धरला.

"बघ ना गं. कशी दिसते?"

"पाहिलं, पाहिलं," मिरान म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि डोळे कापडावर.

थंडी सरता सरता एका सकाळी आईनं फोन उचलला नाही. मिरान आधी चिडली, परत मतं देत बसली असेल म्हणून. मग तिच्या घरी गेली. आई अंथरुणात कुशीवर होती आणि उशीखाली तिन्ही फोन गात होते. हृदय झोपेतच थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मिराननं एकेक फोन बंद केला. तिसरा बंद करताना तिला वाटलं, आई आता ओरडेल.

क्यूहो आला आणि सगळी सूत्रं त्यानं हातात घेतली. इस्पितळाच्या तळघरातलं अंत्यविधीचं दालन, पांढरी शेवंती, मधोमध काळ्या फितीचा हानबोकातला फोटो. दाराबाहेरच्या फळ्यावर, जिथं कुठल्या खोलीत कोण आहे ते दिसतं, तिथंही तोच. क्यूहो म्हणाला, "छान निघालाय. शाब्बास." त्यानं ह्याआधी कधी शाब्बास म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

पण मिरान त्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिला कळेना हसावं की रडावं. ती नजर! ही तीच नजर, हानबोकाची पिशवी दाखवली तेव्हाची. आई थेट तिच्याकडेच बघत होती, वैतागून. डावीकडे सरकलं तरी तिच्याकडे, उजवीकडे सरकलं तरी तिच्याकडे. लोक येत होते, वाकत होते, सूप-भात खात होते, आणि म्हणत होते, किती करारी बाई. मिरान डोक्यात सुतकाची पांढरी फीत लावून उभी होती, आणि मनात म्हणत होती, आई, पुरे गं आता, किती बघशील.

त्यातच आईचा फोन तिच्या खिशात थरथरत होता. कोंबताई, आज हजेरी नाही? कोंबताई, मत राहिलं तुमचं. कोंबताई, बरं आहे ना? शेवटी वैतागून तिनं लिहिलं, मी मुलगी, कोंबताई काल रात्री गेल्या. इस्पितळाचं नाव लिहिलं आणि फोन बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी जरा कमी झाली म्हणून ती बाहेर आली. बोळाच्या टोकाला, जिन्यापाशी, एक फुलांचा भला मोठा गोल उभा होता. पट्टीवर लिहिलं होतं, कोंबताईंना, चांदण्यातल्या मैत्रिणींकडून. आणि त्याच्याभोवती काळ्या कोटातल्या पाच म्हाताऱ्या घोळका करून उभ्या.

"फुलं इथं आहेत, मग खोली कुठं आहे?" एक म्हणाली.

"फळ्यावर सगळे बघितले. आपली नाहीच."

"मुलीनं चुकीचं इस्पितळ लिहिलं असेल. कोंबताई म्हणायचीच, पोरगी कामाची आहे, पण सदा घाईत."

"ती तीन नंबरच्या खोलीतली नसेल ना गं? तिचं तोंड जरा…"

"ती? छे! ती कुणाची तरी खाष्ट सासू दिसते. चला बाई, वर विचारू, नाहीतर बस चुकेल."

त्या जिन्याकडे वळल्या. बोलणाऱ्या बाईनं कठड्याला हात लावला, तसा मिरानला तिच्या काळ्या कोटाची डावी बाही दिसली. उजवीपेक्षा दोन बोटं वर.

"डाळिंबताई!" मिरान ओरडली. बोळातले सगळे वळून बघायला लागले. "थांबा! मी… तुमच्या जॅकेटाची बाही मीच केली. मी मिरान. कोंबताईची मुलगी."

"अगोबाई! घाईवाली लेक!" डाळिंबताईनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "कुठं आहे गं ती? आम्ही दोन तास शोधतोय."

मिराननं त्यांना आत आणलं. क्यूहो उठून उभा राहिला. पाचही जणी फोटोसमोर उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे दोनदा वाकल्या, आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग मासळीताईनं हळूच फोन काढला, त्यातला फोटो बघितला, समोरचा बघितला, आणि डाळिंबताईच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, "आपण बरोबर ठिकाणी आलोय ना?"

फुलं बोळात कोणी ठेवली, तिनं क्यूहोला विचारलं.

"मीच. कोंबताई कोण, मला काय माहीत? वाटलं चुकून आली."

"कोंबताई म्हणजे आई!"

"हळू बोल. लोक आहेत."

"बाकीचे कसले लोक, ह्याच लोक आहेत! बस बदलून आल्यात, दोन तास शोधतायत आणि त्यांना सापडत नाहीये ती! का सापडत नाहीये माहितीये? ती तिथं नाहीच आहे म्हणून!" मिराननं फोटोकडे हात केला. "ती माझ्यावर चिडलेली होती तेव्हाचं तोंड आहे ते. मी चिडवलं होतं. आणि मी तेच छापून घेतलं, कारण तुला हवं होतं, आणि मला पडदे द्यायचे होते!"

तिनं यांग काकांना फोन लावला. चावी कुंडीखाली आहे, मशीनमागे तपकिरी कागदात आहे, आणा. काका म्हणाले, निघालोच. ते येईपर्यंत बायका सूप-भात खायला बसल्या, आणि क्यूहो बहिणीच्या मागे मागे फिरत राहिला.

"साहेब चार वाजता येणार आहेत, मिरान. ऐक माझं."

"येऊ देत."

"छातीवर नाव आहे गं त्या पोराचं!"

"वाचतील. शिकलेले आहेत ना?"

"तू मुद्दाम करतेस."

"हो. कधी नव्हे ते."

काका आले, हेल्मेट डोक्यावरच, बगलेत चौकट. मिराननं स्वतः काळी फीत सोडली, हानबोकवाला उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि तपकिरी कागद फाडला. चौकट उचलून शेवंतीत ठेवली, मागे सरकली, आणि मग तिनं पहिल्यांदा बघितलं.

पांढऱ्या फुलांत तो पोपटी रंग अंगावर आला. आई मान मागे टाकून हसत होती, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी, डोळे मिटून दोन रेघा झालेले. आणि वरच्या दातांत एका बाजूला चकचकीत सोन्याचा दात.

मागून डाळिंबताई म्हणाली, "आली बाई, आली एकदाची!" आणि पाचही जणी एकदम मोठ्यानं रडायला लागल्या, नावं घेऊन, जमिनीवर हात आपटून. शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

क्यूहो त्यांना थांबवायला पुढे झाला, आणि फोटोसमोर थबकला.

"मिरान," तो म्हणाला. "हा सोन्याचा दात आईनं कधी बसवला?"

मिरानला ठाऊक नव्हतं. ती रोज आईकडे जायची, डॉक्टरकडे न्यायची, नळ बघायची, किमची घालायची, आणि तिला ठाऊक नव्हतं.

"बसवला कधी म्हणजे?" डाळिंबताई डोळे पुसत म्हणाली. "तरुणपणीच बसवला होता ना, कोंबांच्या पहिल्या कमाईतून. तेयुलच्या कार्यक्रमाला जायच्या बसमध्ये बसलो की पहिल्या गाण्यालाच दिसायचा. तुम्ही कधी पाहिला नाही?"